पोटातल्या सर्वांसह

संगणकाच्या आज्ञांची माहितीपुस्तिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचकांना पडला तर त्यात नवल नाही. कवितेतला शब्द दोन-तीन अर्थांनी उजळला की आपण त्याचे कौतुक करतो. तिथे संदिग्धता हे ऐश्वर्य असते. पण काही गद्य असे असते की त्यातल्या संदिग्धतेची किंमत वाचणाऱ्याला रोखीने मोजावी लागते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बॉयलरच्या शेजारी टांगलेला सूचनाफलक, गहाणखतातले एखादे कलम, ही सगळी त्याच जातीची. असे गद्य कुणी वाङ्मय म्हणून वाचत नाही, आणि म्हणूनच बहुधा ते कुणी वाङ्मय लिहावे तितक्या काळजीने लिहीतही नाही. प्रस्तुत लेख अशाच एका वाक्याविषयी आहे. ते वाक्य मीच लिहिले होते, हे आधीच सांगितलेले बरे.

पालघर अजून ठाणे जिल्ह्यातलाच एक तालुका होता, त्या काळातली ही गोष्ट. (जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.) बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात संगणक विभागाचे किरकोळ काम माझ्याकडे होते. सर्व्हरवर लिनक्स चाले. त्यावर ‘जुने’ नावाचे एक फोल्डर होते. महिनाभराचे टाकाऊ कागद तिथे साठत आणि महिनाअखेरीस ते फोल्डर मोकळे करायचे असे. हे काम ठेकेदाराकडून आलेल्या एका तरुणाकडे सोपवण्यात आले. मनोरकडचा मुलगा, आयटीआयमधून संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम पुरा केलेला, हुशार आणि थोडा भिडस्त. त्याला इंग्रजी वाचायला अडचण पडू नये म्हणून मी मोठ्या हौसेने मराठीत एक सूचनापत्रक तयार केले. त्यात ‘आरएम’ ही आज्ञा, तिला जोडायची ‘आर’ आणि ‘एफ’ ही अक्षरे, आणि खाली अर्थ: ‘जुने’ हे फोल्डर पुनरावर्ती पद्धतीने काढून टाकावे.

त्याने ते केले. फक्त आम्हा कुणाच्याही लक्षात नव्हते की काही महिन्यांपूर्वी कागद उतरवून घेण्यासाठी प्रयोगशाळेची डिस्क याच ‘जुने’ फोल्डराच्या आत जोडून ठेवली होती, आणि ती काढायची राहून गेली होती. ‘आरएम’ ही आज्ञा त्या डिस्कच्या उंबऱ्यावर थबकली नाही. ती आत शिरली आणि मालाच्या चाचण्यांच्या नोंदी एकामागून एक काढून टाकत गेली. सगळे संपल्यावर पडद्यावर एकच ओळ उमटली. तिचा आशय असा की अमुक फोल्डर काढता येत नाही, कारण ते वापरात आहे. म्हणजे रिकाम्या झालेल्या घराचा दरवाजा निखळत नाही, एवढीच काय ती तक्रार. मुलाने ती ओळ वाचली, माझे पत्रक पुन्हा पाहिले आणि तीच आज्ञा आणखी दोनदा दिली.

दोनदा का दिली, असे त्याला विचारल्यावर तो म्हणाला, “सर, तुम्हीच लिहिलंय ना, पुनरावर्ती म्हणून. मला वाटलं, एकदा नाही गेलं तर परत परत करायचं.”

नंतर चौकशी झाली. नोंदींचा काही भाग छापील कागदांवरून पुन्हा भरता आला, काही कायमचा गेला. चौकशीत माझे पत्रक वाचले गेले आणि उपस्थितांनी मान डोलावली: सूचना तर स्पष्टच आहे की! मी गप्प बसलो. त्या मुलाचे पुढच्या महिन्यापासून येणे बंद झाले. माझ्या वाक्यात दोष होता हे मी बोललो, पण ते बोलून कुणाचे काही भले होण्याची वेळ टळून गेल्यावर. असो.

तेव्हापासून मी या आज्ञेची वर्णने जमतील तिथून वाचत आलो आहे. युनिक्सची पहिली छापील पुस्तिका नोव्हेंबर १९७१ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. तीत ‘आरएम’चे जे वर्णन आहे ते मला आजही आदर्शवत वाटते. तिचा भावार्थ असा: ही आज्ञा फाइलीची नोंद यादीतून काढते, आणि ती नोंद शेवटचीच असेल तर फाइल नष्ट होते. नाव आणि वस्तू यांच्यातला भेद इतक्या थोडक्यात सांगणारे गद्य विरळा. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात ‘नाव कमी करणे’ हा जो शब्दप्रयोग रूढ आहे, तो इथे नेमका लागू पडतो. सातबाऱ्यावरून एकाचे नाव कमी झाले म्हणून जमीन नाहीशी होत नाही. दुसरे नाव लागलेले असते तोवर तिला धनी असतो. फाइलीचेही तसेच. शेवटचे नाव गेले की जागा बेवारस होते आणि यंत्रणा ती दुसऱ्या कुणाला देऊ शकते. त्याच पुस्तिकेत असेही सांगितलेले आहे की फाइल काढायला त्या फाइलीत लिहिण्याचा अधिकार लागत नाही. ती ज्या यादीत आहे त्या यादीत लिहिण्याचा अधिकार पुरतो. म्हणजे ‘फक्त वाचण्यासाठी’ असा शिक्का मारलेली फाइलही जाऊ शकते. ज्यांना हे ठाऊक नसते ते त्या शिक्क्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतात.

फोल्डराला आतल्या सर्वांसह काढणारा ‘आर’ हा पर्याय नंतरचा. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत त्याचे वर्णन सरळ आहे: फोल्डरातला सगळा ऐवज आणि मग खुद्द ते फोल्डर. तिथेच एक मौजेची तळटीपवजा सूचना आहे. आपल्या वरच्या फोल्डराला ‘दोन टिंबे’ हे नाव असते. ते काढण्यास ही आज्ञा मनाई करते, आणि ही मनाई नजरचुकीने घडणारे समाजविघातक परिणाम टळावेत एवढ्यासाठीच आहे, असे पुस्तिका सांगते. ‘समाजविघातक’ या शब्दातला कोरडा विनोद मला आवडतो. पण त्यातून हेही दिसते की ही पुस्तिका एका छोट्या, परस्परांना ओळखणाऱ्या मंडळीसाठी लिहिलेली होती. लिहिणारा आणि वाचणारा एकाच मजल्यावर बसत होते. शंका आली तर दार ठोठावण्याची सोय होती. बोईसरच्या कारखान्यातल्या मुलाला ती सोय नव्हती. पुस्तिका आपल्या लेखकांपेक्षा फार लांबचा प्रवास करतात, आणि जितक्या लांब जातात तितका त्यांतला गृहीत भाग उघडा पडत जातो.

आज जीएनयू प्रकल्पाच्या पुस्तिकेत या आज्ञेचे वर्णन बरेच सुधारलेले आहे. एरवी ही आज्ञा फोल्डरांना हात लावत नाही. ‘आर’ दिल्यास नाव घेतलेले प्रत्येक फोल्डरही, त्यातल्या सर्व ऐवजासह, काढते, असे ती सांगते. शब्द साधे आहेत, पण ‘प्रत्येक’, ‘ही’ आणि ‘सर्व’ हे तीन शब्द कामाचे आहेत. याउलट पडद्यावर मदत मागितली असता जी एक ओळ दिसते, तिच्यात ‘रिकर्सिव्हली’ हे क्रियाविशेषण शेवटी येऊन बसते. ज्याला त्याचा अर्थ माहीत आहे त्याला ती ओळ वाचायची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला अर्थ माहीत नसतो. मी नेमके हेच क्रियाविशेषण मराठीत उचलले होते.

‘पुनरावर्ती’ हा शब्द व्युत्पत्तीने चुकीचा नाही. गणितात तो चालेल. पण मराठी कानाला त्यात ‘पुनः’ ऐकू येते, आणि ‘पुनः’ म्हणजे पुन्हा, परत, वारंवार. इथे काळातली पुनरावृत्ती अभिप्रेतच नाही. अभिप्रेत आहे ती खोली: फोल्डराच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, आणि अगदी तळापर्यंत. या खोलीसाठी मराठीत एक सुंदर शब्द पूर्वापार आहे. पोटकलम, पोटनियम, पोटभाडेकरू, आणि पालघर-डहाणूच्या कोणत्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असलेला पोटहिस्सा. एका वस्तूच्या आत, तिच्याच अंमलाखाली, दुसरी वस्तू असणे हे ‘पोट’ या उपपदाने आपण शतकानुशतके सांगत आलो आहोत. ‘पोटातल्या सर्वांसह’ असे मी लिहिले असते तर त्या मुलाने निदान पोटात काय आहे ते उघडून पाहिले असते, असे मला आजही वाटते.

क्रियापदाची अडचण तर याहून मोठी आहे. आपल्याकडे ‘काढणे’ हे क्रियापद इतके कामसू आहे की ते कुणाशीच एकनिष्ठ नाही. आपण चित्र काढतो तेव्हा नसलेले निर्माण करतो. पैसे काढतो तेव्हा असलेले हाती घेतो. कचेरीत साहेब “ती फाइल काढा” म्हणतात तेव्हा फाइल कपाटातून टेबलावर येते. ती जाळून टाकण्याची कल्पनाही कुणाच्या मनात येत नाही. ‘हटवणे’ म्हटले की वस्तू बाजूला सरते, पण कुठेतरी असते. ‘पुसणे’ म्हटले की पाटी शिल्लक राहते. ‘रद्द करणे’ हा शब्द तर घातकच, कारण दिलेली आज्ञा मागे घेणाऱ्या बटणावरही तोच लिहिलेला आढळतो. राहता राहिले ‘नष्ट करणे’. ते प्रामाणिक वाटते, पण शास्त्रार्थाने पुरते खरे नाही. नोंद गेली तरी डिस्कवरचा मजकूर त्याच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहू शकतो, आणि पुरेसे कौशल्य व वेळ असलेल्याला तो मिळवताही येऊ शकतो. जीएनयूची पुस्तिका याची स्पष्ट जाणीव देते. म्हणजे ही आज्ञा सामान्य माणसाला दोन्हीकडून फसवते. त्याला जे परत हवे असते ते तिने कचरापेटीत ठेवलेले नसते, आणि जे कायमचे जावे असे वाटते ते तिने खरोखर घालवलेले नसते. लोक बोलताना “फाइल उडाली” म्हणतात, “डिलीट मार” म्हणतात. पंडितांनी नाके मुरडली तरी या बोलींत निदान परतीची आशा नाही, एवढा तरी अर्थ नेमका आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. जाणकार म्हणतात: पुस्तिका शिकवण्यासाठी नसते, आठवण देण्यासाठी असते. धारदार सुरी हातात घेणाऱ्याने सुरी म्हणजे काय ते आधी शिकून यावे. प्रत्येक ओळीला इशारा जोडत गेलात तर इशाऱ्यांचे मोल उरणार नाही. शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. सिगारेटच्या पाकिटावरचा मजकूर किती जण वाचतात? पण स्पष्टता आणि लांबी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय जाणकारही चुकतात. २०११ साली ‘बम्बलबी’ नावाच्या प्रकल्पाच्या मांडणी-आज्ञावलीत एका मार्गाच्या मधोमध चुकून एक मोकळी जागा पडली. एका मार्गाचे दोन मार्ग झाले, आणि त्यातला पहिला म्हणजे वापरकर्त्याच्या सगळ्या प्रणालींचे माहेरघर होते. २०१५च्या जानेवारीत ‘स्टीम’च्या लिनक्स आवृत्तीबाबत असाच प्रकार उघडकीस आला. फोल्डराचे नाव जिथे यायचे तिथे काहीच आले नाही, आणि आज्ञा मुळापासून सुरू झाली. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने ‘भीतिदायक!’ अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता. इशारा होता, पण तो ज्याच्या फाइली जाणार होत्या त्याला दिसेल अशा जागी नव्हता. इशारा कुणाला उद्देशून आहे, हा प्रश्न इशारा किती मोठा आहे यापेक्षा महत्त्वाचा.

याउलट ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ कंपनीत एका थकलेल्या कर्मचाऱ्याने रात्री चुकीच्या यंत्रावरचे फोल्डर काढायला घेतले. हात आवरेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने सगळी हकीकत जाहीरपणे मांडली आणि त्या हकिकतीत कर्मचाऱ्याचा उल्लेख नावाने न करता केवळ क्रमांकाने केला. दोष माणसात शोधण्याऐवजी मांडणीत शोधला. ती हकीकत वाचताना मला आमच्या चौकशीची खोली आठवली आणि बराच वेळ दुसरे काही सुचले नाही.

आता थोडक्यात आणि तरीही पुरते कसे सांगावे? यासाठी मला परदेशी जावे लागले नाही. मराठेशाहीतल्या इनामपत्रांत गाव इनाम देताना एक ठरीव शब्दावली येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून. सात शब्दांत गावाच्या पोटातले सगळे सांगून झाले: वाहते पाणी, उभे झाड, पायाखालचे गवत, पडलेले लाकूड, दगड आणि भूमीत पुरलेले धनसुद्धा. लगेच पुढच्या पाच शब्दांत काय जात नाही तेही सांगितले: ज्यांचे हक्क आधीपासून आहेत ते वगळून. लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक होते की ‘गाव दिले’ एवढे म्हणून भागत नाही. दिलेल्या वस्तूच्या आत काय मोडते आणि आत दिसत असूनही काय मोडत नाही, ही दोन्ही टोके बांधली नाहीत तर उद्या तंटा उभा राहतो. आपल्या आज्ञेच्या पुस्तिकेला हवे आहे ते हेच. ‘यांसहित’ आणि ‘खेरीज’.

संगणकाच्या बाबतीत ‘यांसहित’मध्ये जोडलेली डिस्क येते, आणि ती वगळायची तर वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, तो पर्याय आहे, पण पुस्तिकेत खाली. ‘खेरीज’मध्ये दुवे येतात. फोल्डरात दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा असेल तर दुवा जातो, फाइल राहते. डोळ्यांना दोन्ही सारखेच ‘आत’ दिसतात. एक जाते, एक राहते. हा भेद तर्काने सुचत नाही. तो सांगावाच लागतो.

शब्दांच्या या कडा माणसांच्या जगात किती कापतात याचे उदाहरण आमच्याच किनाऱ्यावर आहे. फाइलींची आणि माणसांची तुलना करावी असा माझा हेतू नाही; पण ‘आत काय मोडते’ हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या ३ आणि ४ क्रमांकांच्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. ते संच २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. त्या काळचा कायदा १८९४चा. त्यात ‘जमीन’ या शब्दाची व्याख्या होती: जमिनीपासून मिळणारे लाभ आणि जमिनीला घट्ट जोडलेल्या वस्तू यांसह. घर मोजता आले, झाड मोजता आले, विहीर मोजता आली. पण मासेमारी करणाऱ्या कुटुंबाचा समुद्र कुठल्याही सातबाऱ्यावर नसतो, तो जमिनीला जोडलेलाही नसतो. गाव हलले तेव्हा किनारा त्या कुटुंबांच्या हातून सुटला, आणि तो कागदावर कुठे लिहावा यासाठी शब्दच नव्हता. पुनर्वसनाचे वाद न्यायालयापर्यंत गेले. २०१३च्या नव्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या संज्ञेच्या व्याख्येत जंगलांवर आणि जलाशयांवर उपजीविका असणारी कुटुंबे आली, आणि मच्छीमार व नावाडी यांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख झाला. एका व्याख्येत दोन शब्द लिहिले जायला ११९ वर्षे लागली. व्याख्या लिहिणे हे कोरडे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. जे कृत्य परत फिरवता येत नाही, त्याचे वर्णन करणाऱ्या वाक्याने चार प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत: काय जाते, किती खोलवर जाते, काय अनपेक्षितपणे जाते किंवा राहते, आणि परत येते का. ही उत्तरे कृत्याच्या आधी, आणि ते कृत्य ज्याच्या हातून घडणार आहे त्याच्या भाषेत असली पाहिजेत. ‘फोल्डर’ला ‘संचिका-पेटी’ म्हटल्याने ती भाषा त्याची होत नाही. त्याला समजणारे इंग्रजी शब्द खुशाल राहावेत, समजत नाही ते संस्कृत जावे.

ते पत्रक मी आज लिहिले असते तर असे लिहिले असते:

‘ही आज्ञा तुम्ही नाव दिलेले फोल्डर, त्याच्या पोटातली सर्व फोल्डरे आणि त्या सगळ्यांतल्या फाइली एकदाच आणि कायमच्या घालवते. त्या कचरापेटीत जात नाहीत. आत दुसरी डिस्क जोडलेली असेल तर तिच्यातल्या फाइलीही जातात. दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा असेल तर दुवा जातो, ती फाइल राहते. आधी आत काय आहे ते पाहा. काही वेगळे दिसले तर थांबा आणि मला विचारा.’

शेवटचे वाक्य कुठल्याही पुस्तिकेत सापडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुलाला सगळ्यात जास्त गरज त्याच वाक्याची होती.